काठापासून नखभर खाली

पाचशे फूट लांबीच्या एका मालवाहू जहाजाला मी एकट्यानं, पट्टी आणि पेन्सिल या दोनच हत्यारांनिशी, हुडहुडी भरवली होती. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या हातातला चहाचा कप हळूच काढून बाजूला ठेवतात. पण ते खरं आहे.

तेव्हा मी जहाजदुरुस्तीच्या गोदीत ड्रॉइंग ऑफिसात होतो. जुने, फाटायला आलेले नकाशे नव्या कागदावर उतरवायचे, हे माझं काम. त्या जहाजाच्या मागच्या भागाचा नकाशा असाच माझ्याकडे आला. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, म्हणून जहाजाच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात. पाणी मग लोखंड सोडून आधी जस्त खात बसतं. पाहुण्यांच्या पोरानं आपलं फर्निचर कुरतडू नये म्हणून त्याच्या हातात बिस्कीट द्यावं, तसा हा प्रकार. या जहाजाला दोन्ही बाजूंना आठ-आठ असे सोळा ठोकळे होते. जुन्या नकाशात ते तीन वर, पाच खाली आणि मध्ये उगाच मोकळी जागा, असे कसेतरीच दाखवले होते. मला ते बघवेना. मी आठही ठोकळे एका ओळीत, सारख्या अंतरावर बसवले. दोन्ही बाजूंना. नकाशा इतका देखणा झाला की आमच्या मुख्य साहेबांनी चष्मा न लावताच सही केली.

माझा स्वभावच तसा. दाराबाहेरच्या चपला, भिंतीवरच्या तसबिरी, ताटाशेजारचे चमचे, काहीही वाकडं दिसलं की माझा हात पुढे होतो. लग्नानंतर सासुरवाडीला पहिल्यांदा राहायला गेलो, तेव्हा काही काम नव्हतं म्हणून सासऱ्यांच्या हत्यारांच्या पेटीतल्या सगळ्या कानशी मी लांबीप्रमाणे लावून ठेवल्या. संध्याकाळी त्यांनी पेटी उघडली, बराच वेळ आत पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, "घरात चोर येऊन गेला का?"

"जावई आलेत," त्या म्हणाल्या.

"तेच विचारतोय."

हे माझे सासरे. मी त्यांना बाबा म्हणायचो, अख्खी गोदी पंखेवाले म्हणायची. जहाजाच्या मागे पाण्याखाली जो पितळी पंखा फिरतो आणि जहाजाला पुढे ढकलतो, त्याची पाती घासून, तासून, तळहात फिरवून बिनचूक करणं हे त्यांचं काम. एकेक पातं माणसापेक्षा उंच. त्याच्यावर ते एकेचाळीस वर्षं ग्राइंडर आणि कानस चालवत होते. ग्राइंडरच्या त्या आवाजानं त्यांचे कान जवळजवळ गेले होते, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांचं ऐकण्याचं काम हात करायचे.

घर लाकडी जमिनीचं होतं. सासूबाईंना त्यांना हाक मारायची असली की त्या स्वयंपाकघरात टाच दोनदा आपटायच्या. बाहेरच्या खोलीत बाबा पेपर खाली ठेवून उठायचे. एकदा आपटली तर "जेवण तयार आहे", दोनदा तर "इकडे या", आणि तीनदा आपटली तर काय, हे मी एकदा बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तीनदा आपटली की आम्ही भावंडं बाहेर खेळायला जायचो. भांडण असायचं."

भिंतीवर तळहात टेकवून ते सांगायचे, "शेजाऱ्यांचा पंप आज कोरडा फिरतोय." आणि शेजारी खरोखर तासाभरानं पंपवाल्याला बोलवायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा माझी स्कूटर दाराशी चालूच होती. बाबा बाहेर आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सीटवर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले आणि मुलीला म्हणाले, "इंजिनाचा एक नट ढिला आहे. मुलगा बरा वाटतो." या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे मला अजून कळलेलं नाही. पण लग्न ठरलं.

जेवायच्या सुट्टीत मी कधीकधी त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसायचो. तिथे कोपऱ्यात एक मोडीत निघालेलं पातं उभं करून ठेवलं होतं. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं वाळवीनं खाल्लेल्या दारासारखं.

"हे कशानं खाल्लं?" मी विचारलं.

"पाण्यानं."

"पितळ? पाण्यानं?"

त्यांनी डब्यातला पाव खाली ठेवला. कामाबद्दल विचारलं की ते जेवण बाजूला ठेवत. सासूबाईंच्या मते, ते दुसऱ्या कशासाठीही जेवण बाजूला ठेवत नसत.

"पाण्याला सोबत चालायला वेळ द्यावा लागतो, जावईबापू. पातं फार ओढून पळालं, की पाणी मागे पडतं आणि मध्ये पोकळी होते. बुडबुडे. चुलीवरच्या पातेल्यात येतात तसेच, पण थंड पाण्यात. मग पाणी ती पोकळी भरायला धावत येतं, बुडबुडा मिटतो, आणि मिटताना पात्यावर हातोडी मारून जातो. एवढीशी. मोहरीएवढी." त्यांनी बोटाचं टोक दाखवलं. "पण मिनिटाला लाखभर. पितळ किती सोसणार?"

"कॅव्हिटेशन," मी म्हणालो. पुस्तकात वाचलं होतं.

"तुमच्या ऑफिसात म्हणत असतील. आम्ही म्हणतो, पाणी फुटलं. पाणी फुटलं की पातं खातं आणि जहाज थरथरतं. खलाशी रात्रभर दात वाजवत झोपतात, आणि शिव्या कुणाला? पंखेवाल्याला."

त्यांच्याकडे एक पांढरा एनॅमलचा कप होता. निळी कड, दांड्याजवळ टवका उडालेला. दुरुस्त झालेलं जहाज चाचणीसाठी समुद्रात निघालं, की बाबा तो कप घेऊन सोबत जायचे. पंख्याच्या बरोबर वर सुकाणूच्या यंत्राची खोली असते. तिथे जमिनीवर कप ठेवायचा, काठापासून नखभर खाली येईल इतकं पाणी भरायचं आणि समोर उकिडवं बसायचं. जहाज पूर्ण वेगात आलं की कपाकडे बघत राहायचं. इंजिनिअर लोक यंत्रं लावून आकडे घ्यायचे, कागद भरायचे. बाबांचा हिशेब साधा होता. "पाण्याला शहारा यावा. उचकी लागू नये." सांडलं नाही तर पंखा पास. त्या कपातून कुणीही, कधीही चहा प्यायलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तो घरी आणायचा आणि पहिल्या सकाळी त्यातून चहा प्यायचा, हे बाबांनी फार पूर्वी ठरवलं होतं. सासूबाईंनी त्यासाठी फळीवर जागाही करून ठेवली होती. ती जागा मी आठ दिवसांत दोनदा मधोमध करून दिली.

त्यांचा शेवटचा पंखा त्या पाचशे फुटी जहाजाचा. निवृत्तीला तीन आठवडे होते. चार पाती त्यांनी अशी घासली की शेडमधले लोक उगाच येऊन हात फिरवून जायचे. पंखा बसला, ठोकळे लागले, जहाज पाण्यात उतरलं, चाचणीला निघालं. मला त्या दिवशी ऑफिसात काम होतं, त्यामुळे पुढचं मी ऐकलेलं सांगतो. जहाजानं वेग घेतला तशी मागून कुणी खडी ओतल्यासारखा आवाज यायला लागला. कॅप्टनच्या टेबलावरचा चष्मा चालत चालत कडेपर्यंत गेला आणि पडला. आणि खाली, बाबांच्या डोळ्यांदेखत, कपातलं पाणी नाचलं, काठावर चढलं आणि सांडलं. थेंबभर नाही. अर्धा कप.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्यांना बोलावलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, तेच तर वाईट होतं. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही खूप केलंत. आता हात थकतात, त्याला कुणाचा इलाज नाही. जहाज परत सुक्या गोदीत घेऊ. बाहेरून माणूस बोलावलाय, तो पाती पुन्हा घासेल."

"पंखा बरोबर आहे," बाबा म्हणाले. "पाणी फाटून येतंय."

"बरं," मॅनेजर म्हणाला आणि फोन उचलला.

संध्याकाळी जेवताना हे सगळं बाबांनीच सांगितलं, चार वाक्यांत. आम्ही त्या महिन्यात तिकडेच राहायला होतो. सासूबाई म्हणाल्या, "एक कप पाणी ते काय. फडकं मारलं की झालं." बाबा हसले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी पाण्यानं भरलेला पेला समोर ओढला, उजव्या हातात उचलला आणि हात लांब करून धरून ठेवला. पाण्याकडे बघत बसले. एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांची थरथर मोजणारा माणूस आता स्वतःची मोजत होता. पाणी अगदी स्थिर होतं. तरी त्यांनी पेला खाली ठेवला आणि डाव्या हातात उचलून पाहिला.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी चमचे सरळ करत होतो.

"फाटून येतंय म्हणजे काय, बाबा?" मी विचारलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारावं लागे.

"पात्यासमोर पाणी सपाट यायला हवं. वाटेत काहीतरी आडवं आलंय. काय, ते मला जहाजावरून कसं दिसणार?"

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या उघडल्या मी जुना नकाशा खणातून काढला. तीन वर, पाच खाली, मध्ये मोकळी जागा. ती मोकळी जागा बरोबर पंख्याच्या पात्यांसमोर होती. बाजूला बारीक, तिरक्या अक्षरात कुणीतरी लिहून ठेवलं होतं: "ही जागा मोकळी ठेवावी." नकाशा उतरवताना ते अक्षर मला वाकडं वाटलं होतं, म्हणून मी गाळलं होतं. माझी सुंदर सरळ ओळ त्या मोकळ्या जागेतून गेली होती. दर फेरीला प्रत्येक पातं माझ्या ठोकळ्यांनी ढवळलेल्या पाण्यात शिरत होतं, आणि तिथे पाणी फुटत होतं.

मी मुख्य साहेबांकडे गेलो. त्यांनी या वेळी चष्मा लावला. बराच वेळ दोन्ही नकाशे पाहिले, मग आपली सही पाहिली आणि चष्मा काढला.

"हे बघ," ते म्हणाले, "जहाज गोदीत येणारच आहे. ठोकळे हळूच हलवून घेऊ. किरकोळ सुधारणा म्हणू. कुणाचं नाव नको."

"आणि पंखा?"

"तो माणूस घासेलच. घासू दे की. नाहीतरी सासरे तुझे थोड्या दिवसांत घरीच बसणार."

खरं सांगतो, त्या क्षणी मला ते पटलं. ठोकळे हलतील, जहाज शांत होईल, सगळे म्हणतील बाहेरच्या माणसानं पंखा सुधारला, आणि माझी नोकरी सरळ रेषेत पुढे चालू राहील. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मध्येच थांबली.

"म्हणजे बाबांचा पंखा बरोबर आहे?"

"हो."

"आणि तो बरोबर पंखा घासून बिघडवणार?"

"थोडासाच."

"तुम्हाला चपला वाकड्या चालत नाहीत," ती म्हणाली, "आणि हे चालतं?" मग माझ्या शर्टाची घडी तिनं मुद्दाम तिरकी घातली आणि माझ्याच हातात दिली.

सकाळी मी मॅनेजरच्या दारात होतो. दोन्ही नकाशे टेबलावर पसरले आणि सांगून टाकलं. तो रागावला नाही, ओरडला नाही. फक्त "सरळ ओळ," एवढंच दोनदा म्हणाला, आणि बाहेरच्या माणसाला येऊ नको म्हणून फोन केला. पुढे चार वर्षं मला बढती मिळाली नाही. जाता जाता मी विचारलं, "सासऱ्यांना सांगाल ना?"

"चूक ड्रॉइंगची होती, पंख्याची नव्हती, हे सांगेन," तो म्हणाला. "कुणाची, ते तुमच्या घरचं आहे."

आणि घरचं ते घरी मी काही सांगितलं नाही. रोज ठरवायचो, रोज जेवायला बसायचो, आणि बाबा म्हणायचे, "मीठ द्या," की मी मीठ द्यायचो.

जहाज सुक्या गोदीत आलं तो बाबांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. गोदीतलं पाणी उपसलं, आणि ते एकटेच पायऱ्या उतरून खाली गेले. मी वर कठड्याशी उभा होतो. त्यांनी चारही पात्यांवर हात फिरवला. प्रत्येक पात्यावर एकाच जागी चकाकी उडालेली होती, मला वरूनही दिसत होतं. मग त्यांनी मान वर केली. माझी ओळ त्यांच्या डोक्यावर होती. शिडी मागवून ते चढले, आणि एका टोकाच्या ठोकळ्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत गेले, सावकाश, जसं एखादं पत्र वाचावं. मग उतरले, पात्यांवरचे चार डाग स्वतः पुसून घासले, आणि घंटा झाली तेव्हा हात धुऊन घरी आले. सत्कार वगैरे होता. त्यांना भाषण ऐकू आलं नाही, त्यामुळे ते आनंदात होते. कप मात्र त्यांनी शेडमध्येच ठेवला.

"आणला का नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"शेवटचं सांडलंय त्यातून. सांडलेला कप घरी कसा आणू?"

ठोकळे जुन्या नकाशाप्रमाणे हलवले, आणि दुसरी चाचणी पाच दिवसांनी होती. नियमाप्रमाणे निवृत्त माणसाला जहाजावर जाता येत नव्हतं. मी मॅनेजरकडे माझं नाव लावून घेतलं. निघताना बाबा दारापर्यंत आले.

"शेडमधला कप सुकाणूच्या खोलीत, डाव्या खांबाजवळ ठेवा. तिथे जमीन सपाट आहे. आणि मला येऊन सांगू नका काय झालं ते. कप पाण्यासकट घेऊन या."

"पाण्यासकट? बसमधून?"

"हो. सांगणारे पुष्कळ आहेत."

त्या खोलीत मी चाळीस मिनिटं उकिडवा बसलो. पायांना मुंग्या आल्या. जहाजानं वेग घेतला, जमीन गुणगुणायला लागली, ती गुणगुण तळपायातून गुडघ्यापर्यंत आली. कपातल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठली, एकात एक, शहारा यावा तशी. मी श्वास घेतला नाही. वर्तुळं काठाशी गेली, आणि तिथेच राहिली. आतली निळी कड शेवटपर्यंत कोरडी होती. मी एवढ्या प्रेमानं कुठल्याच माणसाकडे चाळीस मिनिटं बघितलेलं नाही, आणि हे मी बायकोला सांगितलेलं आहे.

खरी चाचणी पुढे होती. भरलेला कप दोन्ही हातांत धरून मी जहाजावरून उतरलो, फाटकातून बाहेर पडलो, बसमध्ये चढलो. कंडक्टरनं विचारलं, "औषध आहे का?" मी "हो" म्हणालो, तर एका बाईंनी मला जागा दिली. प्रत्येक वळणावर सगळी बस माझ्या कपाकडे बघत होती. एक गृहस्थ तर ड्रायव्हरला म्हणाले, "जरा जपून, यांचं पाणी आहे." तरी घरी पोचेपर्यंत कप निम्मा आणि माझी पँट ओली.

बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी कप पुढे केला.

"जहाजावर थेंबही सांडला नाही, बाबा. शप्पथ. हे वाटेत..."

त्यांनी कप घेतला, पण कपाकडे पाहिलंच नाही. माझ्या पँटकडे पाहिलं. उजवी बाजू गुडघ्यापर्यंत ओली, डावी कोरडी ठणठणीत.

"जहाज चहूबाजूंनी सारखं सांडतं," ते म्हणाले. "एका बाजूला सांडते ती बस."

मग उठले, पाणी दारापाशीच्या झाडाला घातलं आणि आत जाऊन टाच दोनदा आपटली. सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी कप घेतला, विसळला आणि चहा टाकला. संध्याकाळचे पाच वाजले होते. पहिल्या सकाळचा चहा पाचव्या संध्याकाळी झाला, एवढाच काय तो फरक.

तो कप आता माझ्याकडे आहे. टवक्याची बाजू पुढे करून, फळीवर जरा तिरका ठेवलाय. मी सरळ करत नाही. पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. बाबांनी दोन्ही तळहातांत कप धरला होता, एक घोट घेतला होता, आणि चेहरा असा झाला होता की आता सांगितलं नाही तर जन्मात सांगता येणार नाही, असं मला वाटलं. मी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांच्या कानाशी गेलो.

"बाबा, ते ठोकळे मी लावले होते."

त्यांनी दुसरा घोट घेतला.

"एवढी सरळ ओळ अख्ख्या गोदीत दुसरं कोण मारणार?"